मरून कोपऱ्यांची पुस्तकं

पुस्तक हातात आलं की बाइंडरबाई आधी नाव वाचत नसत. कणा बघायच्या, मग पुस्तक मधोमध उघडून तळहातावर ठेवायच्या. उघडं राहिलं तर शिवण चांगली, आपोआप मिटलं तर कुणीतरी कामात चोरी केलेली. आत काय लिहिलंय, कुणी लिहिलंय, हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. पन्नास वर्षं पुस्तकं बांधून पोट भरलेल्या बाईकडून वेगळी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांपूर्वी बोटांचे सांधे धरले आणि त्यांनी वडिलांच्या वेळचं बाइंडिंगचं दुकान बंद केलं. दाबाचं यंत्र विकलं, कात्री तेवढी ठेवली. पण रविवारी सकाळी शाळेच्या लांब भिंतीलगत भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार काही सुटला नाही. उलट हाताला काम नाही म्हटल्यावर त्या दुकानदारांच्याही आधी जाऊन उभ्या राहायच्या, आणि पोती सुटायला उशीर झाला की त्यांनाच झापायच्या.

त्या बाजारातलं सुख त्यांना दुसऱ्या कशात मिळत नव्हतं. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, परीक्षेची गाइडं आणि वजन कमी करायची पुस्तकं बाजूला सारायची, आणि तळाशी दडून बसलेलं एखादं चांगलं पुस्तक कानाला धरून बाहेर काढायचं. फुंकर मारायची, शिंकायचं. मग आधीच्या मालकाच्या खुणा वाचायच्या. एका गृहस्थानं तत्त्वज्ञानाच्या जाड पुस्तकात पहिल्या वीस पानांवर पट्टी लावून रेघा मारल्या होत्या आणि पुढची चारशे पानं कोरी करकरीत होती. गडी विसाव्या पानावर गारद झाला, असं म्हणत बाई भर रस्त्यात एकट्याच हसत उभ्या राहिल्या होत्या. भाव करण्यातही त्या पक्क्या होत्या. हवं असलेल्या पुस्तकाकडे बघायचंच नाही, शेजारचं नको असलेलं उचलून त्याच्यावर वाद घालायचा, आणि निघता निघता ‘बरं, हे पण टाका’ म्हणून हवं ते पिशवीत घालायचं.

त्यांचा नेहमीचा विक्रेता म्हणजे प्रोफेसर. हे त्याचं बाजारातलं नाव. न वाचलेल्या पुस्तकावर तो पंधरा मिनिटं बोलू शकत असे, आणि त्यानं एकही वाचलेलं नव्हतं. त्याच्या ढिगात एका रविवारी बाईंना मधमाश्यांवरचं एक जुनं पुस्तक मिळालं. काळं कापड, मरून रेक्झिनचे कोपरे. त्यांनी कण्याच्या वरच्या टोकाला बोट लावलं. तिथं पिवळ्या आणि हिरव्या दोऱ्याची बारीक पट्टी विणलेली होती. अशी पट्टी अख्ख्या शहरात एकच माणूस विणत असे, आणि ते माणूस आत्ता फूटपाथवर गुडघ्यांवर बसलेलं होतं.

हे वाचनालयाचं पुस्तक होतं. काळं कापड आणि मरून कोपरे बाई फक्त वाचनालयासाठी वापरायच्या. त्यांनी पहिलं पान उघडलं. ते नव्हतंच. मुळापासून ब्लेडनं कापलेलं होतं. शेवटच्या पुठ्ठ्यावरचा कार्डाचा खिसा पाणी लावून खरवडला होता. त्यांनी लगेच सदतिसावं पान काढलं. कारण वाचनालयाचा एक शिक्का प्रत्येक पुस्तकात सदतिसाव्या पानावर, खाली कोपऱ्यात मारलेला असतो आणि ते वाचकांना ठाऊक नसतं. शिक्का होता. बाईंनी पुस्तक पटकन मिटलं.

कारण त्या वाचनालयाचा ग्रंथपाल त्यांचा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि बाई सोळाच्या. खळीच्या भांड्याशेजारी बसवून त्यांनी त्याला अक्षर शिकवलं, कॉलेजात घातलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं ते राहूनच गेलं. एकतीस वर्षं तो त्या खुर्चीत होता आणि चार महिन्यांनी निवृत्त होणार होता. आतल्या कपाटांच्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्या, दुसऱ्या कुणाकडे नाही.

प्रोफेसरनं मधमाश्यांच्या समाजव्यवस्थेवर बोलायला तोंड उघडलं, पण बाईंनी त्याला बोलू दिलं नाही. त्यानं सांगितला तो भाव मुकाट्यानं दिला आणि पुस्तक पिशवीत तळाशी घातलं. ते लोकांच्या नजरेआड करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पुढच्या रविवारी तसलीच दोन होती. त्याच्या पुढच्या रविवारी तीन. सगळी काळी, सगळी मरून कोपऱ्यांची, सगळ्यांचं पहिलं पान कापलेलं. बाई ती उचलायच्या, पैसे द्यायच्या आणि मान खाली घालून घरी यायच्या. घरी त्यांनी ती कॉटवर भिंतीकडेला रचायला सुरुवात केली.

एकदा संशय घरात शिरला की त्याला खायला काहीही चालतं. बाई दर गुरुवारी वाचनालयात जात. पूर्वी बांधायची पुस्तकं न्यायला जायच्या, आता नुसत्याच. आतल्या कपाटांपर्यंत जायची त्यांना मुभा होती. त्या गुरुवारी त्या कपाटांमधून एक चक्कर मारून आल्या आणि धाकट्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, ते मधमाश्यांचं पुस्तक जागेवर आहे का रे? एरवी तो उठून पुस्तक घेऊनच आला असता. आज त्याचं पेन थांबलं. ‘असेल की,’ एवढंच म्हणाला आणि वर बघितलं नाही. बाईंच्या शेजारी रोज पेपर वाचायला येणारे एक गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, बाई आल्या की उठून खुर्ची देणारे. निदान जगात एक तरी सभ्य माणूस उरलाय, असं बाईंच्या मनात आलं.

भावजय भेटली तेव्हा ती सहज बोलून गेली की हल्ली हे सुट्टीच्या दिवशीही वाचनालयात जातात आणि विचारलं तर अंगावर येतात. बाईंनी ते लक्षात ठेवलं. भावजयीनं खिडक्यांना नवे पडदे लावले होते, तेही लक्षात ठेवलं. पडदे काय झाडाला लागतात? धाकट्यानं नवी चप्पल घेतली होती. ती साधी होती खरी, पण नवी होती. बाईंना आता त्याचं शिंकणंसुद्धा बनावट वाटायला लागलं होतं.

एका संध्याकाळी तो न सांगता त्यांच्या घरी आला. बाईंनी दार उघडायच्या आधी कॉटवर चादर फेकली, पण घाईत एक मरून कोपरा बाहेर राहिला. बोलता बोलता धाकट्याची नजर तिथं गेली. तो थबकला. मग त्यानं नजर काढून घेतली, उगाच पंख्याकडे बघत बसला आणि चहा अर्धा टाकून निघाला. बाईंनी दाराला आतून कडी घातली आणि तिथंच उभ्या राहिल्या. माल ओळखला त्यानं, असं त्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या. त्यांना रडू आलं, आणि रडता रडताच त्यांना त्याचा भयंकर रागही आला.

तेव्हापासून पुस्तकं विकत घेण्याचं कारण बदललं. आधी त्या लपवण्यासाठी घेत होत्या, आता पुरावा म्हणून घ्यायला लागल्या. सातव्या रविवारपर्यंत सतरा झाली. बाईंनी मनाशी ठरवलं, की आणखी एक रविवार बघायचा आणि सोमवारी वाचनालयाच्या अध्यक्षांकडे जायचं. ते वडिलांना ओळखणारे डॉक्टर होते. बाहेरून बोभाटा होण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं. भावाची नोकरी जाईल, एकतीस वर्षांच्या नावाला काळं लागेल, तो आपलं तोंड बघणार नाही, हे सगळं त्यांनी गृहीत धरलं. धाकट्याला आधी एकदा विचारावं, हे मात्र त्यांना सुचलं नाही. चोर काय कबूल करणार आहे, असं त्यांचं मत.

आठव्या रविवारी त्या बाजारात पोचल्या तर प्रोफेसरच्या ढिगासमोर धाकटा उभा. बाई जुन्या आरशांच्या दुकानाआड झाल्या. समोर सात-आठ आरशांत त्यांचाच चेहरा दिसत होता आणि एकाही आरशात तो बरा दिसत नव्हता. धाकटा वाकून हलक्या आवाजात काहीतरी बोलत होता. प्रोफेसर, जो कधी गप्प बसत नाही तो, नुसता मान हलवत होता. मग धाकटा खांदे पाडून निघून गेला. रिकाम्या हातानं आला, रिकाम्या हातानं गेला. म्हणजे माल आधीच पोचता झालाय, असा बाईंनी हिशोब लावला.

त्या तडक प्रोफेसरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ढिगावर काळी पुस्तकं दिसत नव्हती, पण मांडीखालच्या पोत्यातून त्यानं दोन काढून दिली. तुमच्यासाठीच झाकून ठेवली होती, म्हणाला. बाईंनी ती हातात घेतली नाहीत.

“आत्ता जो माणूस गेला, तो तुम्हाला ही पुस्तकं आणून देतो ना?”

प्रोफेसर त्यांच्याकडे बघतच राहिला. त्या माणसाला त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं. काळ्या कापडाची, मरून कोपऱ्यांची पुस्तकं विकायला येतात का, असं तो विचारत होता, आणि प्रोफेसरनं नाही म्हणून सांगितलं होतं. कोण विकतं, कोण घेतं, हे परक्याला सांगायचं नाही हा धंद्याचा नियम. पुस्तकं आणणारा वेगळाच होता. सभ्य गृहस्थ. कडक इस्त्री. पेपरात गुंडाळून आणायचा, रोजचा ताजा पेपर, काठी लावायची भोकं असलेला. घरचा संग्रह मोडतोय, म्हणायचा.

काठीला लावलेले पेपर शहरात एकाच ठिकाणी वाचायला मिळत, वाचनालयात. बाईंच्या डोळ्यांसमोर ती उठून दिलेली खुर्ची आली. आणि त्या खुर्चीमागची, दिवसभर उघडी असणारी आतली कपाटं.

“किती दिवस आणतोय?”

“पहिलं एकच आणलं होतं त्यानं,” प्रोफेसर म्हणाला. “मी घेणार नव्हतो. पान कापलेलं पुस्तक कोण घेतं? तो टाकून गेला म्हणून ठेवलं. आणि तुम्ही ते सांगितल्या भावात उचललंत. बाई, तुम्ही. पहिल्यांदा घासाघीस केली नाहीत. त्याच आठवड्यात तो परत आला. मग मीच त्याला सांगितलं, काळं कापड आणि मरून कोपरे असतील तेवढी आण, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे.”

बाईंनी ती दोन पुस्तकं घेतली, पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि चालू लागल्या. एक पुस्तक चोरीला गेलं होतं. उरलेली अठरा त्यांनी स्वतः मागवून घेतली होती. पक्की गिऱ्हाईक म्हणून मिरवणारी बाई, आणि ढिगातलं काय हवंय ते चेहऱ्यावर लिहून आठ रविवार बाजारात उभी होती.

घरी येऊन त्यांनी एकोणीसच्या एकोणीस पुस्तकं दोन मोठ्या पिशव्यांत भरली आणि रिक्षा केली. रिक्षात त्यांनी उगाच एक पुस्तक काढून सदतिसावं पान उघडलं. शिक्का जागेवर होता. प्रत्येकात होता, त्यांनी आठ आठवडे पाहिला होता. चोर ग्रंथपाल असता तर त्यानं सगळ्यात आधी हेच पान कापलं असतं. कुठल्याही शेंबड्या पोराला कळली असती अशी ही गोष्ट बाईंना कळली नव्हती, कारण त्यांना ती कळून घ्यायची नव्हती. तरीही जीव हलका झाला होता. धाकटा चोर नाही. चोर नाही माझा भाऊ, असं त्या रिक्षात तीन-चारदा पुटपुटल्या. त्यानं विचारायच्या आधी सगळं सांगून टाकायचं, हसायचं आणि जेवूनच परत यायचं, असा त्यांचा बेत होता.

दार धाकट्यानंच उघडलं. भावजय बाहेर गेली होती. पिशव्यांतून डोकावणारे मरून कोपरे त्यानं पाहिले आणि एक शब्द न बोलता दोन्ही पिशव्या आत नेल्या. जेवणाच्या टेबलावर एकेक पुस्तक काढून ठेवलं. मोजली. मग खुर्चीवर बसला. कित्येक आठवड्यांत त्याचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता.

“एकोणीस. सगळी आहेत,” तो म्हणाला. “बरं केलंस आणलीस ते. मी कुणाला काही बोललो नाहीये, ताई.”

बाईंना क्षणभर अर्थबोध होईना. तो शांतपणे सांगत गेला. एक पुस्तक जागेवर नाही म्हणून त्यानं शोधायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी जाऊन एकेक कपाट तपासलं. दर आठवड्याला आणखी काही कमी व्हायची आणि सगळी ताईच्याच बांधणीची. दुसऱ्या कुणाला अशी पुस्तकं निवडून काय करायची होती? दर गुरुवारी पिशवी घेऊन ती कपाटांत फिरताना त्याला दिसायची. तरी त्याचं मन घेईना. मग त्या संध्याकाळी चादरीखालचा कोपरा दिसला. आज सकाळी शेवटचा उपाय म्हणून तो बाजारात जाऊन आला. कुणी विकायला आणली असतील तर ताई सुटेल, असं त्याला वाटलं होतं. तिथं कळलं की असली पुस्तकं येतच नाहीत. आणि निवृत्तीआधीच्या मोजणीत पुस्तकं कमी भरली म्हणून काल कमिटीनं लेखी खुलासा मागितला होता. पुस्तकं माझ्या हलगर्जीपणामुळे गहाळ झाली, मी आत्ताच खुर्ची सोडतो, असं त्यानं लिहून दिलं होतं.

“तू का नेलीस ते मला कळत होतं,” धाकटा म्हणाला. “दुकान गेलं, यंत्र गेलं. हातचं काम तरी जवळ असावं, असं वाटलं असेल. मला त्याचं वाईट नाही वाटलं.”

बाई उभ्याच होत्या. गप्प बसावं, असा मोह त्यांना झाला. चोर म्हणून का होईना, पण त्याच्या मनात त्यांची जागा शाबूत होती. खरं सांगितलं तर आपण त्याला काय समजलो तेही सांगावं लागणार होतं.

तेवढ्यात त्यानं वरचं पुस्तक उघडलं. पहिलं पान कापलेलं दिसलं. त्यानं दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, आणि बहिणीकडे बघितलं. पुस्तकं नेली हे त्यानं पोटात घातलं होतं. हे त्याला पेलवेना.

“पानं कापलीस, ताई?”

बाईंना ते सहन झालं नाही. भावाची सही कमिटीच्या कपाटात आहे म्हणून त्या बोलल्या, की आपण पानाला ब्लेड लावलं असं त्याला वाटलं म्हणून बोलल्या, ते त्यांचं त्यांना माहीत. पण बोलल्या.

“मी नेली नाहीत. मी विकत घेतली. बाजारातून, एकेक करून. तू नेऊन विकतोयस, असं वाटलं मला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पेपर वाचणारे गृहस्थ, प्रोफेसर, न केलेली घासाघीस. उद्या अध्यक्षांकडे जायचं ठरवलं होतं, तेही सांगितलं. एवढं सांगितल्यावर ते झाकून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. धाकट्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

“कशासाठी?”

“काय कशासाठी?”

“मी पुस्तकं विकली असती ती कशासाठी, असं वाटलं तुला?”

बाईंनी तोंड उघडलं. आठ आठवडे त्यांनी त्याच्या हालचाली टिपल्या होत्या, त्याच्या घरातल्या वस्तूंवर नजर ठेवली होती, पुरावे जमवले होते. हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. त्यानं त्यांच्यासाठी एक कारण शोधलं होतं, आणि इतकं चांगलं शोधलं होतं की त्यांचं त्यांनाही खरं वाटलं असतं. त्यांनी त्याच्यासाठी काहीच शोधलं नव्हतं. आत्ता जे सुचत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. लाजेनं त्यांचे कान तापले होते. ज्याला बोट धरून अक्षर शिकवलं त्याच्याकडे त्यांना बघवत नव्हतं.

धाकटा उठला, आतून कागद आणि पेन घेऊन आला, पुस्तकं बाजूला सारून टेबलावर जागा केली. अध्यक्षांचं नाव घालून त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि पेन थांबवलं.

“तू विकत घेतलीस, एवढं लिहितो,” तो म्हणाला. “का घेतलीस ते लिहीत नाही.”

बाईंनी मान हलवली, आणि तो पुढे लिहायला लागला.